पांढरं जातं म्हणून पिशवी काढायची नसते

"डॉक्टर ताई, माझं वय 34. दोन मुलं आहेत, धाकट्याच्या वेळीच ऑपरेशन करून घेतलं. वयात आल्यापासून मला अंगावरून पांढरं जातं. आजी म्हणायची, यानं हाडं झिजतात, अंगातला कस जातो. तांदळाचं धुवण प्यायले, डिंकाचे लाडू खाल्ले, सगळं करून झालं. गेल्या तीन-चार महिन्यांपासून मात्र वास येतो, माशासारखा. पाळी संपली की जास्त येतो, आणि मिस्टरांजवळ गेल्यावर तर मलाच नको होतं. मेडिकलमधून गोळ्या आणल्या, आतून धुवायचं लिक्विड आणलं. चार दिवस बरं वाटतं, परत तेच. शेवटी तालुक्याला दाखवलं. सोनोग्राफी केली. म्हणाले, पिशवीला सूज आहे, तोंडाला जखम आहे, मुलं झालीच आहेत तर काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल. माझ्या दोन्ही जावांची पिशवी काढलेली आहे. सासूबाई म्हणतात, तूही एकदाचं करून टाक. त्यात आता माझ्या अकरा वर्षांच्या मुलीच्या निकरला पांढरे डाग दिसायला लागलेत. तिला अजून पाळीसुद्धा आलेली नाही. माझाच रोग तिला लागला का? रात्र रात्र डोळा लागत नाही."
– एक आई, धाराशिव जिल्हा

ताई,

ऑपरेशनची तारीख घेतली असेल तर आधी ती रद्द करा, मग पुढचं वाचा. तुम्ही जे लिहिलंय त्यात पिशवी काढण्याचं एकही कारण मला दिसत नाही. का, ते सविस्तर सांगणारच आहे. पण तुमची झोप उडाली आहे ती लेकीपायी, म्हणून आधी तिच्याबद्दल.

तुमच्या मुलीला काहीही झालेलं नाही. छाती दिसायला लागली की त्यानंतर, आणि पहिल्या पाळीच्या साधारण सहा महिने ते वर्षभर आधी, मुलींच्या निकरला पांढरट किंवा फिकट पिवळसर डाग पडू लागतात. अंडाशयांतून इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार व्हायला लागलेलं असतं, त्यानं योनिमार्गाचं अस्तर जाड होतं आणि थोडा स्राव बाहेर येतो. तुमच्याकडून तिला काही लागलेलं नाही. नुकत्या जन्मलेल्या मुलीच्या दुपट्यावरसुद्धा पहिल्या आठवड्यात असं पांढरं दिसतं, कधी रक्ताचा एखादा ठिपकाही असतो. आईची संप्रेरकं तिच्या अंगात अजून शिल्लक असतात म्हणून. घरातल्या बायका घाबरून बाळाला घेऊन येतात, आणि चार दिवसांत ते आपोआप थांबतं.

मुलीच्या बाबतीत दाखवायचं केव्हा, तेही लक्षात ठेवा. सारखी खाज, घाण वास, हिरवट पू, रक्त, लघवीला आग, यातलं काही असेल तर दाखवायचं. आणि पाच-सहा वर्षांच्या, वयात येण्याची कुठलीच खूण नसलेल्या मुलीला स्राव जात असेल तर तिलाही दाखवायचं. पुष्कळदा ते जंत असतात, रात्री शौचाच्या जागेतून बाहेर येऊन खाज आणतात. कधी खेळताना कापसाचा किंवा कागदाचा बोळा आत गेलेला असतो. आणि कधी कुणीतरी तिला त्रास दिलेला असतो. म्हणून रागावायचं नाही, जवळ घेऊन विचारायचं. तुमच्या मुलीला यातलं काही दिसत नाही. तिला कुणा बाहेरच्या बाईशी बोलावंसं वाटलं तर सरकारी रुग्णालयात किशोरवयीन मुलामुलींसाठी 'मैत्री क्लिनिक' असतं, तिथं समुपदेशक असतात. पण आधी तुम्हीच बोला.

आता तुमचं वीस वर्षांचं पांढरं.

योनिमार्ग कोरडा नसतो, आणि तो कोरडा असूही नये. गर्भाशयाच्या तोंडातून येणारा चिकट स्राव, अस्तरातून झिरपणारं पाणी आणि गळून पडणाऱ्या पेशी, हे मिळून रोज काही ना काही बाहेर येतं. किती, म्हणाल तर फार तर चहाचा एक चमचाभर. त्या अस्तरात ग्लायकोजेन नावाची साखर असते. तिच्यावर जगणारे जंतू तिथं मुक्कामाला असतात, लॅक्टोबॅसिलस म्हणतात त्यांना. दुधाला विरजण लावल्यावर जे घडतं तेच हे जंतू तिथं करतात, लॅक्टिक आम्ल तयार करून ती जागा आंबट ठेवतात. मोजायच्या भाषेत पीएच 3.8 ते 4.5; हा आकडा जितका कमी तितकं आंबट जास्त. इतक्या आंबट जागी बाहेरच्या रोगजंतूंना पाय रोवता येत नाही. निरोगी बाईच्या स्रावाला किंचित आंबूस वास असतो तो यामुळेच.

तुमच्या घरातच याचा पुरावा सापडेल. काळी किंवा गडद रंगाची जुनी निकर घ्या आणि उजेडात उलटी करून बघा. मधल्या पट्टीवर रंग उडून तांबूस-फिकट डाग पडलेला असेल. कित्येक जणी तो डाग मला दाखवतात आणि विचारतात, डॉक्टर, कापड खातंय हे, मग आतलं काय होत असेल? तो डाग त्या आम्लाचा असतो. कापडाचा रंग उडतो. आतल्या अस्तराला त्या आम्लाची सवय असते, आणि गरजही असते. कपडा वाळल्यावर पांढऱ्याचा फिकट पिवळा दिसतो, तेही नेहमीचंच.

महिनाभर हा स्राव सारखा नसतो. पाळी संपल्यावर काही दिवस जवळजवळ काहीच नाही. मग थोडा चिकट, दुधट. आणि पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी एकदम पातळ, पारदर्शक. दोन बोटांत धरून बोटं लांब केली तर तुटत नाही, अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखी तार निघते. बीज बाहेर पडण्याचे ते दिवस. शुक्रजंतूंना वर जायला वाट मिळावी म्हणून शरीर तो स्राव पातळ करतं. नंतर पुन्हा घट्ट, पांढरा, पाळीपर्यंत. गरोदरपणात तो वाढतो, गर्भनिरोधक गोळ्या घेताना बदलतो, पाळी कायमची गेल्यावर आटतो. एखादीला मुळातच जास्त जातं, तिच्या बहिणीला कमी. वास नाही, खाज नाही, आग नाही, आणि दर महिन्याला तेच चक्र फिरतंय, तर तुमच्यासाठी ते नॉर्मल. माझी तुम्हाला एक विनंती आहे. दोन महिने कॅलेंडरवर पाळीच्या तारखेसोबत पांढऱ्याचंही एका शब्दात लिहून ठेवा, 'कोरडं', 'चिकट', 'तार'. स्वतःचं नेहमीचं काय आहे ते ज्या बाईला माहीत असतं, तिला बिघडलेलं लगेच ओळखू येतं. तुम्हालाही आलंच की! वीस वर्षांचं वेगळं आणि या तीन महिन्यांचं वेगळं, हे पत्रात तुम्हीच नीट वेगळं करून लिहिलंय.

राहिली आजींची गोष्ट, हाडं झिजण्याची. आजी खोटं बोलत नव्हत्या, त्यांनाही तसंच सांगितलं गेलं होतं. आपल्याकडे धुपणी लागली म्हणतात तेव्हा बाईचं सत्त्वच वाहून चाललंय असं धरलं जातं. पण त्या चमचाभर स्रावात पाणी, श्लेष्म आणि पेशी असतात. हाडांतलं कॅल्शियम त्या वाटेनं बाहेर येत नाही. मग कंबर का दुखते, चक्कर का येते, थकवा का असतो? ते सगळं खरं आहे, फक्त त्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. म्हणजे दोघींत एकीला. तेव्हा तपासणीला जाल तेव्हा हिमोग्लोबिन करूनच घ्या.

आणखी एक गोष्ट सांगते, ती जरा हळवी आहे. गोव्यात 18 ते 50 वयाच्या 2494 बायकांचा एक मोठा अभ्यास झाला होता. अंगावरून पांढरं जातं अशी तक्रार करणाऱ्या पुष्कळ जणींच्या तपासणीत संसर्ग निघालाच नाही. त्या तक्रारीचं सगळ्यात घट्ट नातं निघालं ते मनावरच्या ताणाशी आणि उदासीशी. मला याचं नवल वाटलं नाही. "मला कंटाळा आलाय, घरात कुणी माझं ऐकत नाही" हे म्हणायला आपल्याकडे दवाखाना नाही. "पांढरं जातंय" म्हटलं की निदान कुणी खुर्चीवर तरी बसवतं. तुमच्याबाबतीत वास आहे, त्यामुळे शरीराचं कारण आहेच. पण रात्र रात्र झोप येत नाही हे वाक्य मी दोनदा वाचलं. तपासायला गेल्यावर तेही डॉक्टरांना सांगा.

आता तो वास.

पातळ, राखाडी-पांढरा स्राव, खाज फारशी नाही, माशासारखा वास, पाळीनंतर आणि संबंधानंतर जास्त. पत्रावरून निदान करायचं नसतं, पण हे वर्णन बॅक्टेरियल व्हजायनोसिसचं आहे. नाव मोठं आहे, आजार साधा. त्या आंबट जागेतले विरजणाचे जंतू कमी झाले आणि एरवी मूठभर असणारे दुसरे जंतू माजले की हे होतं. आम्ल कमी पडतं, पीएच 4.5 च्या वर जातो. पाळीचं रक्त आणि वीर्य दोन्ही आम्लाच्या उलट गुणाची, म्हणून त्यांच्यासोबत वास उसळून येतो. तुम्ही अस्वच्छ आहात म्हणून हा वास येत नाही. उलट मला शंका आहे ती त्या लिक्विडची. आतून धुतलं की सगळ्यात आधी जातात ते चांगले जंतू. चार दिवस बरं वाटलं कारण वास धुतला गेला, आणि परत आला कारण तो थोपवणारंच कुणी आत उरलं नाही. ती बाटली आज टाकून द्या. डेटॉल, साबण, तुरटीचं पाणी, यातलं काही आत घालू नका. दह्याचा बोळाही नको, दही खायला चांगलं. बाहेरचा भाग साध्या पाण्यानं, पुढून मागे धुवायचा, एवढं पुरतं.

तपासणीचं नाव काढलं की बायका मागे सरतात, म्हणून ती कशी होते ते आधीच सांगते. टेबलावर झोपवतात, पाय दुमडायला सांगतात, अंगावर चादर असते. डॉक्टर चोचीसारखं एक उपकरण आत सरकवून उघडतात. थंड लागतं, दाब जाणवतो, पण श्वास सोडत राहिलात आणि मांड्या सैल ठेवल्यात तर दुखत नाही. दोन-तीन मिनिटांचं काम. मग स्राव नुसता डोळ्यांनी बघायचा, पीएचचा कागद त्याला लावायचा. काचेवर थेंबभर स्राव घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाकला की तो माशाचा वास क्षणभर भपकन येतो. नुसत्या तेवढ्यानंही पुष्कळ कळतं. सूक्ष्मदर्शक असेल तर पेशींच्या कडा जंतूंनी इतक्या माखलेल्या दिसतात की त्या पेशीची कड कुठे संपते ते कळत नाही. निदान झालं. तुमच्या पत्रात सोनोग्राफी आहे, पण यातलं काहीही केल्याचा उल्लेख नाही. सोनोग्राफीत पांढऱ्याचं कारण दिसत नाही. त्यासाठी आतून बघावंच लागतं.

औषध साधं आहे, मेट्रोनिडॅझोल. साधारण आठवडाभराचा कोर्स. तोंडाला धातूसारखी चव येते, थोडं मळमळतं, म्हणून जेवणानंतर घ्या, आणि वास गेला म्हणून तिसऱ्या दिवशी बंद करू नका. मेडिकलवाल्यानं तुम्हाला कुठल्या गोळ्या दिल्या ते तुम्ही लिहिलेलं नाही. जुनं पाकीट असेल तर डॉक्टरांना दाखवा. खासगीत खर्च नको असेल तर जिल्हा रुग्णालयात जा, तिथं 'सुरक्षा क्लिनिक' असतं. तपासणी आणि औषध दोन्ही फुकट. योनिमार्गाच्या संसर्गासाठी तिथं जे औषध देतात त्याचं पाकीट हिरव्या रंगाचं असतं. ते क्लिनिक गुप्तरोगासाठी आहे म्हणून लाज वाटून घेऊ नका, ते तुमच्यासारख्या बायकांसाठीच आहे.

हा आजार हट्टी आहे, हेही आत्ताच सांगते. बऱ्या झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणींना वर्षभरात तो परत गाठतो. तसं झालं तर स्वतःला दोष देऊ नका, परत दाखवा. आणि मिस्टरांनाही सोबत न्या. 2025 मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बायकोबरोबर नवऱ्यालाही आठवडाभर गोळ्या आणि लावायचं मलम दिलं, तेव्हा तीन महिन्यांच्या आत आजार परतण्याचं प्रमाण 63 टक्क्यांवरून 35 टक्क्यांवर आलं. याचा अर्थ नवरा बाहेर जातो असा काढू नका. संबंध येणाऱ्या नवरा-बायकोमध्ये जंतूंची देवाणघेवाण होतेच. कोर्स चालू असेपर्यंत संबंध टाळा, नाहीतर निरोध वापरा. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं असलं तरी. ऑपरेशननं दिवस राहत नाहीत, संसर्ग थांबत नाही.

बाकीचे प्रकार थोडक्यात सांगते, कारण हे पत्र तुमच्या जावाही वाचतील. दह्याच्या गुठळ्यांसारखं पांढरं, वास नाही पण खाजेनं जीव नकोसा, लघवीला आग, तर ती बुरशी, कॅन्डिडा. चौघींतल्या तिघींना आयुष्यात एकदा तरी होते. अँटिबायोटिकनंतर, गरोदरपणात, आणि साखर वाढलेली असेल तर वारंवार. बुरशी परत परत होणाऱ्या बाईची रक्तातली साखर तपासल्याशिवाय मी तिला सोडत नाही. कित्येकींचा मधुमेह असाच सापडलेला आहे. खाजेवर मेडिकलमधलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावू नका, कातडी पातळ होऊन कायमची बिघडते. हिरवट-पिवळं, फेसाळ, वासाचं, खाजेचं, तर ट्रायकोमोनास, आणि हा मात्र संबंधातूनच येतो, नवरा-बायको दोघांनी एकाच वेळी औषध घ्यायचं. पिवळं जातंय, ओटीपोटात दुखतंय, ताप आहे, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तो संसर्ग पिशवीवरून नळ्यांपर्यंत पोचलेला असतो, आणि नळ्या खराब झाल्या की मूल राहणं अवघड होतं. गरोदर बाईला पाण्यासारखं जास्त जायला लागलं तर तिनंही थांबायचं नाही.

आता पिशवी.

"तोंडाला जखम आहे" हे वाक्य आपल्या तालुक्यांतल्या लाखो बायकांनी ऐकलंय. गर्भाशयाच्या तोंडाच्या आत जे नाजूक, लालसर अस्तर असतं ते पुष्कळ तरुण बायकांमध्ये थोडं बाहेर उलटलेलं दिसतं. रंग लाल म्हणून कुणीतरी त्याला जखम म्हणालं आणि तेच नाव राहिलं. त्यातून चिकट पाणी थोडं जास्त येतं, एवढंच. ती जखम नाही आणि तिचा कॅन्सर होत नाही. "पिशवीला सूज" म्हणजे बहुतेक वेळा सोनोग्राफीत पिशवी जराशी मोठी दिसणं. दोन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी जराशी मोठी असतेच.

आणि समजा काढलीच, तर? हा संसर्ग योनिमार्गातला आहे, आणि योनिमार्ग जागच्या जागी राहतो. पिशवी गेली तरी वास येऊ शकतो. दोन्ही जावांना विचारा, त्यांचं पांढरं थांबलं का. पुष्कळदा ऑपरेशनमध्ये अंडाशयंही काढून टाकतात, बाईला सांगतही नाहीत. मग 34 व्या वर्षी अचानक पाळी जाण्याचं वय येतं. अंगातून वाफा निघतात, झोप जाते, हृदयविकाराचा धोका वाढतो. आणि आजींना ज्याची भीती होती ते, हाडं झिजणं, ते खरोखर तेव्हा सुरू होतं. पांढरं गेल्यानं हाडं झिजत नाहीत ताई, पांढऱ्याच्या भीतीपोटी अंडाशयं काढल्यानं झिजतात.

तुमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात काय झालं ते तुम्हाला माहीत असेलच. 2019 मध्ये तिथल्या पिशव्या काढण्याच्या ऑपरेशनांची चौकशी करायला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षण झालेल्या ऊसतोड कामगार महिलांची संख्या 82 हजारांवर होती, आणि त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या. पाळीचा त्रास, अंगावरून पांढरं जाणं, खाडा पडला की दंड, फडावर ना संडास ना आडोसा, आणि वर "कॅन्सर होईल" ही भीती. एका आठवड्याच्या गोळ्यांनी जो त्रास गेला असता त्यासाठी एकेकीनं कर्ज काढून अवयव काढून घेतला. हे लिहिताना आजही माझा संताप आवरत नाही.

पिशवी काढण्याची खरी कारणं असतात, मी स्वतः ती ऑपरेशनं करते. औषधांनी न थांबणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी, बाहेर पडलेलं अंग, तुकडा तपासून सिद्ध झालेला आजार. तुम्हाला कुणी यातलं कारण लेखी दिलं, रिपोर्टसकट, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या आणि मग ठरवा. नुसतं पांढरं आणि सोनोग्राफी या दोन गोष्टींवर नाही. आणि सासूबाईंना हा परिच्छेद वाचून दाखवा. त्या तुमच्या वाईटावर नाहीत, त्यांनी दोन सुनांचं बघितलंय आणि तिसरीचा त्रास त्यांना बघवत नाही.

कॅन्सरची भीती मनात असेल तर ती काढायचा रस्ता वेगळा आहे, आणि तो तुमच्याच भागातून जातो. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या सहभागानं तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांहून अधिक बायकांवर एक अभ्यास झाला, 2009 मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्या गावांत बायकांची एकदाच एचपीव्ही या, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची तपासणी झाली आणि दोष सापडलेल्यांवर वेळेत उपचार झाले, त्या गावांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तुमच्या आईच्या, मावशीच्या पिढीतल्या बायका होत्या त्या. जगभरच्या डॉक्टरांनी तो अभ्यास वाचला, पण गावातल्या बाईपर्यंत अजून "जखम आहे, काढून टाका" एवढंच पोचतं. तिशीनंतर प्रत्येकीनं ही तपासणी करून घ्यायची. एचपीव्ही चाचणी नसेल तिथं सरकारी दवाखान्यात व्हिनेगर लावून बघतात. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसेटिक आम्ल लावलं की बिघडलेला भाग मिनिटभरात पांढरा दिसतो. तुम्ही चौतिशीच्या, तेव्हा आत तपासायला झोपालच तेव्हा हेही करून मागा. आशाताईंना विचारा, तुमच्या आरोग्य केंद्रात कुठल्या वारी होतं ते त्या सांगतील. आणि लेकीसाठी एचपीव्हीच्या लसीची चौकशी करा. 9 ते 14 हे तिचं सगळ्यात चांगलं वय, आणि 2023 पासून पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक लसही आपल्याकडे मिळते.

कॅन्सरच्या बाबतीत ज्याला घाबरायचं ते पांढरं नव्हे. संबंधानंतर रक्त दिसणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा एक ठिपका जरी दिसला तरी, आणि मांस धुतल्यासारखं लालसर, कुजका वास असलेलं पाणी, यातलं काही असेल तर एक आठवडाही थांबायचं नाही. यात मी सासूबाईंनाही धरते. पाळी गेलेल्या बायका "आता काय तपासायचं" म्हणून बसून राहतात, आणि याच वयात ती तपासणी सगळ्यात जास्त लागते.

मी पस्तीसहून जास्त वर्षांपूर्वीची एक गोष्ट नेहमी आठवते. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या आणि 1989 मध्ये 'द लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नियतकालिकात लिहिलं की 92 टक्के जणींना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि त्याआधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. त्या गावांतल्या बायका वर्षानुवर्षं गप्प बसल्या होत्या. तुम्ही बसला नाहीत, पत्र लिहिलंत. आता अंगावर काढू नका.

येत्या पाळीनंतर तीन-चार दिवसांनी तपासणीला जा. जाण्याआधी दोन दिवस आत कसलीही गोळी किंवा मलम ठेवू नका, संबंध टाळा, आणि त्या दिवशी आतून धुवून जाऊ नका. पुष्कळ बायका लाजेपोटी धुवून येतात, मग आम्हाला बघायला काही उरतच नाही. डॉक्टरांना सरळ सांगा, "तीन महिन्यांपासून माशासारखा वास येतो, मला आतून तपासा, पीएच बघा." हे शब्द कागदावर लिहून न्या, बोलायला जमलं नाही तर कागद पुढे करा.

आणि लेकीला आज रात्री एवढंच सांगा, "हे चांगलंय, मलाही तुझ्या वयात असंच झालं होतं, आता वर्षभरात पाळी येईल." दप्तरात एक पॅड आणि एक जास्तीची निकर ठेवायला शिकवा. सुती निकर घ्या, दोन-तीन जास्तच घ्या. आणि त्या दाराआड, परकराखाली झाकून ओलसर वाळत घालू नका. बाहेर दोरीवर, उन्हात घाला, तिच्याही आणि तुमच्याही.

तपासणीत काय निघालं ते मला कळवा. वास परत आला तरी कळवा.

तुमची,
डॉक्टर ताई